बातमीखालची रिकामी जागा

मी एक जुना वार्ताफलक आहे, एवढे सांगतानाही मला संकोच वाटतो. ज्याच्या अंगावर जन्मभर दुसऱ्यांचीच अक्षरे उमटली, त्याला स्वतःचे असे काय सांगता येणार? तरीही मित्रांनो, मी एक नवल पाहिले आहे. ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

सांगलीजवळच्या एका कॉलेजात, ग्रंथालयाच्या दाराशी मी टांगलेला आहे. केरबा सुताराने सागाच्या चार फळ्या जोडून मला घडवले आणि वर काळा रंग दिला. पुढे तीस वर्षे शिपाई ज्ञानूमामांनी माझ्यावर बातम्या लिहिल्या. सकाळच्या एसटीने वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला की ते सगळी पत्रे वाचत आणि त्यातल्या चार बातम्या खडूने उतरवत. त्यांचे दोन नियम होते. बातमी कुठून घेतली आणि कोणी लिहिली, ते तिच्याखाली लिहायचेच. आणि बातमी चुकली तर ती पुसायची नाही. तिच्यावर आडवी रेघ मारून शेजारी खरे लिहायचे. एकदा त्यांनी महाबळेश्वरच्या पावसाचा आकडा चुकवला. ती रेघ त्यांच्या नावासकट आठवडाभर माझ्यावर होती. मुले हसली, तेव्हा मामा म्हणाले, "हसा की. पर चुकल्यालं दिसाय पायजे."

मामा निवृत्त झाले. मोबाइल आले. मुले मान खाली घालून माझ्यासमोरून जाऊ लागली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या तळहातावर सारे जग उजळत होते. माझ्याकडे काय, चार ओळी! दुसऱ्या वर्षाला शिकणारी क्रांती तेवढी हौसेने माझ्यावर लिहीत असे.

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी तिने लिहिले, 'भडंगात विषारी पावडरीची भेसळ. सावध राहा.' खालची जागा मात्र रिकामीच ठेवली. कुठून घेतली ते नाही, कोणी लिहिली ते नाही. ती जागा मला दिवसभर खाजत राहिली. पण फळ्याला हात नसतात.

कॉलेजच्या गेटसमोर मामांच्या काळापासून सुलाबाईंचा भडंगाचा गाडा आहे. भडंगाचा लसूण-तिखट वास थेट माझ्यापर्यंत येतो. त्या गाड्यावरच त्यांचे घर चालते. मंगळवारी चुरमुऱ्यांची पाटी भरलेलीच परत गेली. बुधवारीही तसेच. गुरुवारी सुलाबाई पदर खोचून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही.

"ह्या फळ्यावर माझं काय लिवलंय गं?"

तिथेच खडू घेऊन उभी असलेली क्रांती गडबडली. "तुमचं नाव न्हाई लिहिलं, मावशी. सगळ्याच भडंगाबद्दल हाय ते."

"आगं, गेटावर दुसरं कुणाचं भडंग हाय?"

क्रांतीचा वर्गमित्र वीरधवल शेजारीच होता. तो म्हणाला, "तुला कुठनं कळलं ते तर सांग."

"पप्पांच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आलेला. फौजी माणसं खोटं कशाला पाठवतील?"

"मला बी आलेला. मी हसून सोडला. असले रोज पन्नास येतात. पर फळ्यावर वाचलं, आन् मग भडंग खायचं बंद केलं."

मित्रांनो, हे ऐकून माझ्या चारही फळ्या थिजल्या. मी आपला मनातल्या मनात मोबाइलला दोष देत लटकून होतो. आणि त्या खोट्याला वजन आले होते ते माझ्या अंगावर चढून!

मग ते नवल घडले. वीरधवलने व्हिडिओ मध्येच थांबवला, त्यातले एक चित्र घेतले आणि मोबाइलला शोधायला लावले. दोनच मिनिटांत मूळ व्हिडिओ सापडला. तो चार वर्षांपूर्वीचा होता, कुठल्याशा दूरच्या कारखान्यातला. ते चुरमुरे नव्हतेच. सामान बांधताना घालतात ते थर्माकोलचे मणी होते. मराठी आवाज कोणीतरी मागाहून चिकटवला होता. मी थक्क झालो. मामांना सगळी वर्तमानपत्रे चाळूनही जे सापडले नसते, ते या पोराने उभ्या उभ्या शोधले होते. हे डोळे त्यांच्या हातात होतेच. फक्त आधी कोणी उघडले नव्हते.

क्रांतीचा चेहरा उतरला. तिने ओले फडके उचलले.

"पूस आन् मोकळी हो," वीरधवल म्हणाला. "उद्या कुणाच्या ध्यानात राहतंय?"

"ज्ञानूमामा पुसत नव्हता, बाई," सुलाबाई हळूच म्हणाल्या.

फडके हवेतच थांबले. क्षणभराने क्रांतीने ते खाली ठेवले आणि खडू घेतला. बातमीवर एक लांब रेघ ओढली. शेजारी लिहिले, 'ही बातमी खोटी आहे. व्हिडिओ भडंगाचा नाही. मी न तपासता लिहिले.' खाली स्वतःचे नाव घातले.

"नाव लिवलंस?"

"लिहिलं, मावशी."

"वाच मोठ्यानं."

तिने वाचले. सुलाबाई म्हणाल्या, "आता माझ्या गाड्याम्होरं उभी ऱ्हाऊन खा. लोकास्नी दिसू दे."

वीरधवलने माझा फोटो काढला आणि क्रांतीने तो त्याच ग्रुपवर टाकण्यासाठी वडिलांना पाठवला. थोड्या वेळाने, ग्रुपवर फोटोखाली काय लिहिले ते वडिलांनी तिला कळवले. तिने वाचून दाखवले, 'तो व्हिडिओ मीच टाकला होता. न बघता. चुकलो. जोतिबा, माजी हवालदार.' मग फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर निघाला. संध्याकाळपर्यंत तो आटपाडीला पोहोचला होता, खंडाळ्यालाही पोहोचला होता. एका खिळ्यावर जन्म काढलेला मी, त्या एका दिवसात दोन जिल्हे फिरून आलो!

खोटे जिथे जिथे गेले, तिथे तिथे माझी रेघ पोहोचली असेल का? मला शंकाच आहे. म्हणून मित्रांनो, एवढेच मागतो. बातमीखालची जागा रिकामी दिसली, तर पुढे धाडण्याआधी जरा थांबा. शोधायचे साधन तुमच्या खिशातच आहे.

शुक्रवारी क्रांती गाड्यावरून भडंग खाऊन आली आणि तशाच हाताने खडू घेतला. तिच्या बोटांचे लाल ठसे माझ्या कोपऱ्यात, अगदी तिच्या नावाशेजारी उमटले आहेत. मला पुन्हा रंग द्याल, तेव्हा तेवढा कोपरा राहू द्या.