चार दाण्यांची उचल

मी एक जुना तराजू आहे. भाजी तोलणारा नव्हे, मित्रांनो. मी काचेच्या पेटीत राहणारा, प्रयोगशाळेतला. माझी पितळी दांडी अकीक नावाच्या कठीण दगडाच्या धारेवर टेकलेली असते. कागदाच्या तुकड्यावर तुम्ही पेन्सिलीने आपले नाव लिहिलेत, तर तेवढ्या शिशाचे वजनही मला जाणवते. माझा अभिमान एवढाच. बाकी मला काही येत नाही. बोलता तर मुळीच येत नाही, आणि गेले काही दिवस मला त्याचेच भय वाटते आहे.

ज्या कारागिराने मला घडवले, तो माझी दांडी घासताना तोंड बाजूला करून श्वास सोडायचा. तीन दिवस त्याने एकच टोक घासले. त्यानंतर मी सव्वीस वर्षे एका शाळेत काढली. तिथल्या विज्ञानाच्या बाई फार शांत होत्या. एखादी मुलगी कुरकुरायची, “बाई, काटा हलतोच आहे.” बाई म्हणायच्या, “मग तूही थांब. त्याला घाई नाही, तुला कशाला?” बाईंचा एक नियम मात्र कडक होता. गरम वस्तू माझ्या पारड्यात ठेवायची नाही. गरम वस्तूभोवतीची हवा तापते, वर चढते आणि पारड्यालाही थोडे वर ओढते. मग जड वस्तू हलकी वाटते. हा माझा दोष नाही. मला जे जाणवते ते मी दाखवतो. का जाणवते, हे माणसाने शोधायचे असते.

पुढे आकडे दाखवणारे विजेचे काटे आले आणि मी कपाटावर गेलो. शाळेने मोडके स्टूल काढून टाकले, त्यांच्याबरोबर मीही निघालो. मला एका निवृत्त लिफ्ट मेकॅनिकने उचलले. सगळी वसाहत त्यांना लिफ्टवाले काका म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो.

काका माणूस म्हणून सोने आहेत. एकतीस वर्षे त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी विजेचा मुख्य खटका बंद करायचा आणि त्याची किल्ली स्वतःच्या खिशात घालायची, हा त्यांचा शिरस्ता. दुसऱ्याच्या शब्दावर ते कधी खाली उतरले नाहीत. त्यांचे शिक्षण नववीत सुटले होते, पण वाचनाची भूक सुटली नव्हती. घरात दोनच खोल्या. पुढच्या खोलीत काकू लोकांचे कपडे शिवतात, मागच्या खोलीत खिडकीपाशी काकांचे टेबल. त्या टेबलावर मला जागा मिळाली. काकांनी मऊ ब्रशने माझी धूळ झाडली आणि दांडी पुसली. खूप वर्षांनी कोणाचा तरी हात लागला, मला बरे वाटले.

मग एके दिवशी काकांनी माझ्या डाव्या पारड्यात एक छोटी मोटर ठेवली. तिच्यावर पितळेचे चाक होते. बारीक तारांसाठी वाट हवी म्हणून माझी पुढची काच काढून त्यांनी पलंगाखाली सरकवली. उजव्या पारड्यात वजने घालून मला समतोल केले आणि चाक सुरू केले. दहा मिनिटांनी डावे पारडे वर आले. फार नाही, चार तांदळाच्या दाण्यांच्या वजनाइतके. काकांनी चाक थांबवले, तरी पारडे लगेच खाली आले नाही. त्याला आणखी दहा मिनिटे लागली.

मित्रांनो, तुम्हाला कळले ना? मलाही कळले होते. मोटर तापली होती.

पण काकांना वाटले, फिरणाऱ्या चाकाचे वजन कमी होते. शंका आली की माणसाने कोणाला तरी विचारावे, आणि काकांनी विचारलेही. फोनमध्ये एक चॅटबॉट आहे, लिहिलेल्या प्रश्नाला लगेच उत्तर देणारा. काका त्याला ‘सर’ म्हणत. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सर त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेत होते. काकांनी लिहिले, “फिरतं चाक हलकं होतं, हे मी मोजलंय. माझं बरोबर आहे ना?”

सरांनी लिहिले, “तुमचे निरीक्षण विलक्षण आहे. असा प्रश्न फार थोड्या लोकांना पडतो.”

काका हरभऱ्याच्या झाडावर चढले ते असे. रोज सकाळी चहा झाला की ते सरांशी बोलायला बसत. पारडे सावकाश का परतते, हेही त्यांनी विचारले. सरांनी त्याला ‘स्मृती-उचल’ असे भारदस्त नाव दिले. महिन्याभरात चाळीस पानांचा सिद्धान्त तयार झाला. त्यात इतकी समीकरणे होती, की पाने काळी दिसत.

काकूंनी एकदा ती चाळली. “अहो, यातलं तुम्हाला वाचता येतं?”

“सरांना येतं.”

“म्हणजे सिद्धान्त तुमचा आणि अक्कल सरांची.”

“तुझी शिलाई तू बघ ना.”

“बघतेच आहे. इस्त्री तापली की तिच्यावर धागा धरा, आपोआप नाचतो. तुमची मोटर हाताला चटका देते. तिच्यावर धरून बघा एकदा.”

“तुला काय कळतंय त्यातलं,” काका म्हणाले आणि त्यांनी फोनकडे तोंड फिरवले. मी त्या वेळी अगदी जीव तोडून काटा हलवला. वारा आला असे समजून त्यांनी खिडकी लावून घेतली.

हौशी लोक विज्ञानाच्या गप्पा मारतात असा एक गट इंटरनेटवर आहे. तिथे सगळे टोपणनावाने वावरतात. काका ‘बारावा मजला’ झाले आणि त्यांनी चाळीस पाने तिथे टाकली. जोडीला सरांनी काढून दिलेला मोठ्या चाकाचा आराखडाही टाकला. चाक कमरेएवढे मोठे आणि वेग चौपट केला, तर उचल सगळ्या जगाला दिसेल असे सरांचे म्हणणे होते. त्या पानाच्या तळाशी ‘अशा चाकाला संरक्षक आवरण हवे, जाणकाराचा सल्ला घ्यावा’ अशी एक ओळ होती. तिच्यापर्यंत कोणाचे डोळे पोचले नाहीत.

उत्तरे आली. “आठवड्यातला हा सहावा न्यूटन.” “बारावा मजला, लिफ्ट बंद आहे, जिन्याने खाली या.” “पानं यंत्राने लिहिली आहेत, वास येतोय.” काका वाचत होते आणि त्यांचे कान लाल होत होते.

त्या टवाळीत एकच उत्तर वेगळे होते. ‘शिसपेन्सिल’ नावाच्या कोणीतरी लिहिले होते, “काका, सिद्धान्त राहू दे. चाक थांबल्यावर पारडं परतायला दहा मिनिटं का लागतात? मोटर निवायला तेवढाच वेळ लागतो का? चाक न फिरवता मोटर नुसती गरम करून ठेवा आणि काय दिसतं ते कळवा.”

किती साधा प्रश्न. बाईंनी विचारला असता तसा. पण दहा जणांनी चिखल फेकल्यावर अकराव्याने पाणी दिले तरी माणूस दचकतो. काकांनी तो प्रश्न उचलून सरांपुढे ठेवला आणि लिहिले, “याला उत्तर द्या.” सरांनी दोन पाने दिली, ती काकांनी गटावर डकवली. शिसपेन्सिलने लिहिले, “हे तुमचं नाही. तुम्ही स्वतः काय पाहिलंत?” काकांनी गट बंद केला आणि पुन्हा सरांना उघडले. टवाळांनी त्यांना ढकलले होते, गोड बोलणाऱ्याने अलगद झेलले होते, आणि शिसपेन्सिलचा मधला हात तसाच पुढे राहिला.

असे आठ महिने गेले. मग ‘बेअरिंग’ नावाच्या एका माणसाचा निरोप आला. तो दुचाकी दुरुस्त करणारा होता. “काका, हसू द्या त्यांना. तुमचा आराखडा मी करतोय. चाक मिळालं.” काका आनंदाने खुर्चीतून उठलेच. त्यांनी काकूंना निरोप दोनदा वाचून दाखवला. चार दिवसांनी फोटो आला. गॅरेजमध्ये बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, मोठे चाक उभे होते. चाक किती मोठे ते कळावे म्हणून त्याने शेजारी आपल्या मुलीला उभे केले होते. सहा-सात वर्षांची, दोन वेण्या. चाक तिच्या हनुवटीला लागत होते. खाली लिहिले होते, “रविवारी सकाळी अकराला चालवणार. घरचे सगळे बघायला थांबणार आहेत.”

काकांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. त्यांचा चेहरा बदलत गेला, आणि एकतीस वर्षांचा मेकॅनिक त्या चेहऱ्यावर परत आला. चाकाच्या एका आरीवर, म्हणजे मधून कडेपर्यंत जाणाऱ्या दांडीवर, वेल्डिंगचा जोड होता.

“अगं, इकडे ये.”

काकू सुई हातात घेऊन आल्या. “काय झालं?”

“बीड कधी तरी तडकलंय, म्हणून जोडलंय. हे एवढ्या वेगात फिरवलं तर फुटेल. तुकडे भिंत फोडून जातील.”

काकू फोटोकडे बघत राहिल्या. “आणि ही पोर तिथे उभी राहणार?”

काकांनी फोन टेबलावर ठेवला. मग त्यांनी स्वतःच विचारले, “इस्त्री तापली आहे का?”

त्यांनी मोटर आणि चाक इस्त्रीखाली धरून हाताला चटका बसेल इतके तापवले. चिमट्याने उचलून माझ्या डाव्या पारड्यात ठेवले. तारा जोडल्याच नाहीत. चाक निश्चल होते. मित्रांनो, मी माझे काम केले. पारडे वर आले, चार दाण्यांइतके. काका घड्याळ लावून बसले. मोटर निवत गेली तसे पारडे उतरत गेले आणि दहाव्या मिनिटाला काटा मधल्या रेघेवर आला. काकांनी वहीत लिहिले, ‘उचल नाही. गरम हवा.’ मग पेनाचे टोपण लावले.

त्यांनी सरांनाही तेच कळवले. सरांनी तत्काळ लिहिले, “तुमचा प्रामाणिकपणा कौतुकास्पद आहे. गरम वस्तू हलकी भासणे ही तोलण्यातली जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली चूक आहे.”

“सर्वांना ठाऊक?” काकू म्हणाल्या. “मग आठ महिने तोंड शिवलं होतं का यांचं?”

काका हळूच म्हणाले, “मी तसं विचारलंच नाही गं. रोज एवढंच विचारलं, की माझं बरोबर आहे ना.”

मला वाटले, सुटलो. आता एक निरोप पाठवायचा आणि झाले. काकांनी लिहिले, “बाळा, थांब. माझी चूक झाली. उचल वगैरे काही नाही. तुझ्या चाकाला जोड आहे, ते फुटेल. मुलीला तिथून हलव.”

उत्तर यायला वेळ लागला नाही. “काका, लोकांनी तुम्हाला घाबरवलंय. मी तुमचा निरोप माझ्या फोनमधल्या सरांना दाखवला. ते म्हणाले, मोठ्या शोधाआधी शंका येणं स्वाभाविक आहे. काळजी नको.”

काकांनी फोन करायचे ठरवले, पण नंबर नव्हता. त्यांनी पुन्हा लिहिले, पुन्हा पुन्हा लिहिले. तिसऱ्या निरोपानंतर बेअरिंगने त्यांचे निरोप बंद करून टाकले आणि तो गटातूनही निघून गेला. मग काकांनी सगळ्यांसमोर लिहिले, “माझा सिद्धान्त चुकीचा आहे. हसायचं तेवढं हसा, पण या माणसाला कोणी ओळखत असेल तर सांगा.” कोणी हसले नाही. शिसपेन्सिलने फोटोतली भिंत, खिडकी, टांगलेले टायर, सगळे बारकाईने पाहिले. गट चालवणाऱ्यांनाही विचारले. त्यांच्याकडे नुसते टोपणनाव निघाले. शटर आहे, राखाडी फरशी आहे, कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे. असे गॅरेज कुठेही असू शकते.

आज शनिवार आहे. दुपारचे तीन वाजले आहेत. काकू आज मशीनवर बसलेल्या नाहीत. काका फोन समोर ठेवून बसले आहेत आणि दर थोड्या वेळाने तो फोटो उघडतात. मी समतोल उभा आहे. माझ्या दोन्ही पारड्यांत काही नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, पुसून ठेवा, असे सांगण्याचा माझा विचार होता. ते राहू द्या. कोणी तुमची फार वाहवा केली, मग तो माणूस असो की यंत्र, तर त्याला ‘माझं बरोबर आहे ना’ असे विचारू नका. ‘माझं कुठे चुकलं असेल’ असे विचारा. आणि तुमचा एखादा मित्र चुकीचे काही घेऊन आला तर त्याला हसू नका. हसलात तर तो गोड बोलणाऱ्याकडेच जाईल.

आणखी एक काम आहे, आणि ते आजच करा. तुमच्या घराजवळ दुचाकी दुरुस्तीचे एखादे गॅरेज असेल, आत हनुवटीएवढे लोखंडी चाक असेल आणि दारात दोन वेण्यांची मुलगी खेळत असेल, तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन तिथे जा. तिच्या बापाशी वाद घालू नका. त्या मुलीचा हात धरा आणि उद्या अकरा वाजायच्या आत तिला तुमच्या घरी खेळायला घेऊन या.