शेवटून पहिला

त्या पावसाळ्यात चिकोम्बे गावात लोक रांगेत मागे उभे राहण्यासाठी भांडत होते. माझी मक्याची चक्की संदेष्टा एलियासी म्सोसांच्या तंबूसमोरच आहे, त्यामुळे तमाशा मला फुकटात दिसायचा. कोणी नवा आला की त्याला आदराने पुढे ढकलायचे. "या, या, तुम्ही पाहुणे," असं म्हणत आपण त्याच्या मागे सरकायचे. रांग पुढे न जाता उलट रस्त्याकडेच लांबत जायची.

तंबूत एक निळं पिंप होतं आणि त्यात पिवळसर पाणी. मलेरियाचा ताप आलेल्याने उपाशीपोटी यायचं, एक कोंबडी द्यायची आणि पिंपात वरून पेला बुडवून काढलेलं बाटलीभर पाणी न्यायचं. कैकांचा ताप खरंच उतरायचा. तेही रांगेत शेवटी उभ्या असलेल्यांचा जास्त. म्सोसा हात वर करून सांगायचे, "बघा, शास्त्रात लिहिलंय तेच घडतंय. शेवटचे ते पहिले होतील! गोळी गोऱ्याची, पाणी देवाचं. गोळीने रक्त पातळ होतं, पाण्याने श्रद्धा घट्ट होते." लोक माना डोलवायचे, आणि कोंबड्या तेवढ्या ओरडायच्या.

रस्त्यापलीकडे सरकारी दवाखाना. तिथे मलेरियाच्या गोळ्या परदेशातून मदत म्हणून येतात आणि फुकट वाटल्या जातात. निदान वाटल्या जायला हव्यात. ट्रक आला की परदेशी पाहुणेही यायचे, खोक्यांशेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि संध्याकाळच्या आत तळ्याकाठच्या हॉटेलात परतायचे. त्यांच्या लेखी औषध गावात पोचलेलं असायचं. मग आठवडाभरात खिडकीवर पाटी लागायची, 'गोळ्या संपल्या'. दवाखान्यावर एस्तेले नागामा नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. शांत स्वभावाच्या, पण मनात शंका आली की ती सोडायच्या नाहीत. गोळ्या इतक्या लवकर कशा संपतात, असं त्यांनी कोठीवाल्या लेफातीला कितीदा तरी विचारलं होतं. यंदा डास फार झालेत, असं तो दर वेळी म्हणायचा.

आमच्या शेजारच्या झिओने नावाच्या बाईची मुलगी तालांदिरा तापाने फणफणली. दवाखान्याच्या खिडकीवर पाटी होतीच. झिओने लेकराला पाठीशी बांधून तंबूकडे गेली. दोन दिवस जागरण झालेली बाई मागच्या जागेसाठी काय भांडणार! लोकांनी तिला ढकलत ढकलत पार पुढे नेऊन उभं केलं. तिने पाणी आणलं आणि थेंब थेंब पाजलं. ताप तसूभर हलला नाही. ती पुन्हा तंबूत गेली तेव्हा म्सोसांनी डोळे मिटून सांगितलं की पाण्यात खोट नाही, आईच्या श्रद्धेत आहे.

दुसऱ्या दिवशी पोरीला झटके आले. मी तिला सायकलवर घालून दवाखान्यात नेलं, झिओने मागून धावत होती. नागामाबाईंच्या कपाटात इंजेक्शनं थोडीशीच उरली होती. ती त्यांनी दिली. रात्रभर पोर अंगार होती, आणि पहाटे तिने पाणी मागितलं. पण झिओनेचं रडू थांबेना. आपण मनापासून प्रार्थना केली नाही, म्हणून पोर मरणाच्या दारात गेली, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

नागामाबाईंनी मला बाहेर नेलं आणि विचारलं, "चक्कीवाले काका, देव माणसामाणसांत फरक करत असेल, समजू. पण तो रांगेतल्या जागेवरून फरक करतो का?"

मी म्हटलं, "बाई, रांगेवरून फरक पिंपच करेल."

तंबूतल्या पुढच्या बैठकीला त्या स्वतः रांगेत सर्वांच्या पुढे उभ्या राहिल्या. त्याबद्दल लोकांनी त्यांचे आभारच मानले. मी शेवटी उभा राहिलो. त्यापायी मला तिघांशी भांडावं लागलं आणि माझ्या सदऱ्याची बाही गेली. दोन कोंबड्या खर्ची पडल्या, दोन बाटल्या हाती आल्या. त्यांची बाटली जवळजवळ पाण्यासारखी होती. माझी हळदीसारखी, आणि तळाशी गाळ.

त्या बाटल्या घेऊन आम्ही गावप्रमुखांकडे गेलो. त्यांनी आंब्याखाली गाव बोलावलं, म्सोसांनाही बोलावलं. नागामाबाईंनी शहरातून मागवलेल्या मलेरियाच्या पिवळ्या गोळ्या सगळ्यांसमोर कुटल्या, काचेच्या बरणीत पाण्यात टाकून ढवळल्या आणि बरणी ठेवून दिली. म्हणाल्या, आता थोडा वेळ गप्पा मारू या. गप्पा ऐन रंगात आल्या तेव्हा बरणीत वरचं पाणी निवळलं होतं आणि पिवळा गाळ खाली बसला होता. वरचं पाणी त्यांनी एका पेल्यात ओतलं, तळचं दुसऱ्यात. प्रमुखांनी आधी माझ्या बाटलीतला थेंब जिभेवर ठेवला, मग तळच्या पेल्यातला. दोन्ही वेळा त्यांचं तोंड सारखंच वाकडं झालं. लोक हसले.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. ही गोळी पाण्यात विरघळत नाही, खाली बसते. म्हणून तळाचं पाणी मिळालेला बरा होतो आणि वरचं मिळालेला तापतो. शिवाय ती पोटभर खाऊन घ्यायची असते, उपाशीपोटी अंगी लागत नाही. अर्धवट औषधाने ताप नुसता दबतो आणि पुन्हा उसळतो.

म्सोसा जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "देव औषधातही वास करतो, बाई."

"करत असेल. मग त्याच्या नावाने पूर्ण मात्रा द्या. आणि फुकट द्या, कारण ती फुकटच आली होती."

ती आली कुठून, असं प्रमुखांनी विचारलं. तेव्हा गर्दीतला लेफाती हळूच मागे सरकू लागला. तो म्सोसांचा भाचा. प्रमुखांनी सगळ्यांना तंबूकडे नेऊन तिथली एक पेटी उघडली, तर आत गोळ्यांची पाकिटं निघाली आणि प्रत्येकावर छापलेलं, 'विक्रीसाठी नाही'. ज्या गोळीला संदेष्टा रोज शिव्या घालत होता, तीच गोळी रोज त्याची अब्रू राखत होती.

लोक आपापल्या कोंबड्या ओळखण्याच्या नादात होते. झिओने मात्र तशीच पुढे आली आणि तिने हळूच विचारलं, "म्हणजे माझी श्रद्धा कमी नव्हती?"

"नाही गं बाई," नागामाबाई म्हणाल्या. "तुझ्या बाटलीत औषध कमी होतं."

तेव्हा कुठे ती मोकळं रडली.

लेफातीला पोलीस घेऊन गेले. म्सोसा दुसऱ्या जिल्ह्यात गेले, तिथे म्हणे आता दातदुखी बरी करतात. पुढचा ट्रक आला तेव्हा पाहुणे फोटोसाठी उभे राहिले. झिओने त्यांच्यासमोर जाऊन म्हणाली, "खोकी आली ते दिसलं. आतल्या गोळ्या आमच्या पोरांच्या पोटात गेल्या का, ते बघायला कधी येणार?" दुभाष्याने ते जरा मऊ करून सांगितलं असावं, कारण पाहुणे हसले. मग त्याने नीट सांगितलं, आणि ते हसायचे थांबले. त्या दिवसापासून खोकी गावासमोर उघडतात, आणि किती उरलं ते कोणीही उठून विचारतं.

लांबच्या माणसांनी पाठवलेलं औषध शेवटची दोन पावलं आपल्यालाच न्यावं लागतं. ताप डासाने येतो आणि औषधाने जातो. मध्ये कोणी हात वर करून उभा राहिला, तर त्याला खुशाल प्रश्न विचारा. खरा देव असेल तर तो प्रश्नाला रागावणार नाही. रागावला, तर तो देव नव्हे, एवढं तरी कळेल.