सिग्रुनला घरी नेताना

ऑर्विक पाळक, आमच्या ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू, नॉर्वेला कायमचे परत निघाले, तेव्हा गावाला वाटलं होतं, निरोपाचं जेवण होईल, चार डोळे पुसले जातील आणि गाडी जाईल. व्हरांड्यात सामानाच्या लाकडी पेट्या भरून तयार होत्या. पाळकांनी आपली पुस्तकं रालांबुला देऊन टाकली होती. रालांबु आमच्यातलाच, त्यांच्या हाताखाली शिकून पाळक झालेला. आता देऊळ तोच सांभाळणार होता.

मी तेव्हा पाळकांच्या पत्नी बोर्गहिल्डबाईंच्या शिवणवर्गात मुलींना शिकवायची, म्हणून त्यांच्या घरात माझा वावर होता. नवराबायको भांडले तर आपल्या भाषेत भांडत. त्या दिवशी मात्र बाई आमच्या भाषेत बोलल्या. मला कळावं म्हणून बोलल्या की रागाच्या भरात, देव जाणे.

"मी सिग्रुनला इथे ठेवून जाणार नाही," त्या म्हणाल्या.

सिग्रुन ही त्यांची मुलगी. ती चार वर्षांची असताना तापाने गेली होती. देवळामागे निलगिरीच्या झाडांखाली तिला पुरलं होतं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

"बोर्गहिल्ड, ती इथे नाहीच. ती देवाजवळ आहे," पाळक म्हणाले.

"मग मी दर रविवारी फुलं कोणाला वाहते?"

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणणार? आईबाप आहेत, असं म्हणतील."

लोक काय म्हणतील ते पाळकांना पुरतं ठाऊक होतं, आणि मलाही.

आमच्या या डोंगराळ मुलखात माणूस परक्या मातीत मेला, तर त्याला तिथेच सोडत नाहीत. सवड होईल तेव्हा त्याची हाडं घरी आणतात, नव्या रेशमी शेल्यात गुंडाळतात, वाजतगाजत वाडवडिलांच्या थडग्यात ठेवतात. गावाला डुकराच्या मटणाचा भात घालतात. पाळकांना हे मुळीच खपत नसे. "हाडांशी खेळतो त्याचा पुनरुत्थानावर विश्वास नाही," हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की पोरंही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची.

रैनिवेलु हे मंडळीतले वडील, म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, पाळकांचा उजवा हात. देवळाच्या भिंतीच्या विटा त्यांनी स्वतः भाजल्या होत्या. त्यांची बायको दूर उत्तरेला बहिणीकडे गेली असताना तिथेच वारली. दोन हिवाळ्यांनी रैनिवेलुंनी तिला घरी आणली आणि थडगं उघडून रीतीप्रमाणे सगळं केलं. पुढच्या रविवारी पाळकांनी त्यांना भर देवळात उभं केलं, वडीलपद काढून घेतलं आणि प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षरस घ्यायला बंदी केली. रैनिवेलुंची मुलगी लालाऊ तेव्हा आमच्या शाळेत शिकवायची. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या आईला घरी आणली, हे पाप?" पाळक म्हणाले, "खाली बस." ती बसली नाही, बाहेर पडली. आठवडाभरात नोकरी सोडून राजधानीला गेली, ती त्यानंतर कित्येक वर्षं गावात आली नाही. रैनिवेलु मात्र देवळात येत राहिले. प्रभुभोजनाची वेळ झाली की टोपी उचलून निघून जायचे.

तर पाळकांना कसली भीती होती ती ही.

शेवटी बाईंचं म्हणणं त्यांनी मान्य केलं, पण एका अटीवर: कोणाला कळता कामा नये. परवानगी शहरातून गुपचूप आणली. खणायला माणसंही शहरातलीच ठरवली. दिवस निवडला बाजाराचा, कारण त्या दिवशी सकाळी गावात म्हातारी आणि कोंबड्या एवढंच उरतं. बाईंनी मला सोबतीला बोलावलं. "तू नुसती माझ्याजवळ उभी राहा," म्हणाल्या.

माणसांनी खणायला घेतलं. पाळक जरा लांब, देवळाच्या भिंतीशी, आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांना वाटलं होतं, लहानशी शवपेटी जशीच्या तशी वर येईल. पण लाकूड केव्हाच मातीला मिळालं होतं. फावड्याला काहीतरी लागलं, तसा एक जण थबकला, खड्ड्यातून वर आला आणि त्याने फावडं ठेवून दिलं.

"आम्ही नाही हात लावणार, बाई."

"का? पैसे ठरलेत ना?" पाळक वळून म्हणाले.

"पैशाचा प्रश्न नाही, साहेब. ही आमची कोणी नव्हे. हिला घरच्यांनी उचलायचं असतं. तुमची माणसं कुठायत?"

बाई पायातले बूट काढून खड्ड्यात उतरल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि हातांनी माती बाजूला करू लागल्या. कुठून सुरुवात करायची, काय कुठे ठेवायचं, काही कळत नव्हतं त्यांना. मला ते बघवेना. मी पाळकांना विचारलं नाही, सरळ गावात गेले. पहिलं दार राझाना आजीचं.

आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं बाई, मग पोरीला काय गोणपाटात नेणार आहेत?" ती काठी टेकत निघाली आणि वाटेतल्या प्रत्येक दारावर काठी वाजवत गेली. बाजाराच्या वाटेला लागलेल्या बायाही मागे फिरल्या. रैनिवेलु आले ते सगळ्यांच्या नंतर, हातावर घडी केलेला एक शेला घेऊन. तो आम्ही सगळ्यांनी ओळखला. स्वतःच्या मरणासाठी त्यांनी तो पेटीत जपून ठेवला होता.

पाळकांनी त्यांना येताना पाहिलं आणि मान खाली घातली.

रैनिवेलु त्यांच्यासमोरून सरळ पुढे गेले. खड्ड्याच्या काठाशी बसून बाईंना म्हणाले, "मुली, तिथेच थांब. तू तिला आमच्या हातात दे, बाकी आम्ही करतो. घाई करू नकोस, तिला कुठे जायची घाई नाही."

बाया रांगेने गवतात बसल्या. बाईंनी दिलेलं एकेक त्यांनी मांडीवर घेतलं, पदराने माती पुसली, एकीने दुसरीकडे दिलं. राझाना आजी सिग्रुनशी बोलत होती, लहान पोरीशी बोलावं तसं: "आई आलीये तुझी. लांबचा प्रवास आहे, थंडी वाजेल, नीट पांघरून घे हं." मग तिने भिंतीकडे पाहिलं. "पाळकबाबा, आम्ही इथे गाणं म्हणतो. चालेल ना तुम्हाला? की बाहेर उभं करणार सगळ्यांना?"

कोणी हसलं नाही. रैनिवेलु म्हणाले, "आजी, पुरे."

शेला बांधून झाला तेव्हा बाईंनी नवऱ्याला हाक मारली. "तूर्लाइव्ह, ये. तुझ्या मुलीला घे."

ते आले. रैनिवेलुंनी ते लहानसं गाठोडं त्यांच्या हातांवर ठेवलं. पाळकांना वाटलं होतं तेवढं वजन त्यात नसावं, कारण त्यांचे हात एकदम वर गेले. मग त्यांनी ते छातीशी धरलं आणि उभे राहिले. गावातल्या प्रत्येक माणसाने हे आपल्या कोणासाठी तरी केलेलं होतं, आणि प्रत्येकाने त्यासाठी त्यांच्याकडून ऐकून घेतलं होतं.

संध्याकाळी ते रैनिवेलुंच्या घरी गेले. मी शिवणवर्गातल्या कापडाचे राहिलेले टाके घालत तिथेच बसले होते.

"रविवारी मी तुमचं वडीलपद परत देतो," पाळक म्हणाले.

"आता म्हातारपणी काय करायचंय ते?"

"माझी चूक झाली, रैनिवेलु."

"हे इथे सांगताय. काढलं होतं कुठे?"

पाळकांचे कान लाल झाले. "देवळातच सांगेन."

"सांगा. पण माझ्यासाठी नको. माझी बायको माझ्याजवळ आली, मला कधी त्याची लाज वाटली नाही. लालाऊ गेली, ते मात्र काही भरून आलं नाही. तिच्यासाठी काय करणार आहात?"

रविवारी देऊळ भरलं होतं. निरोपाच्या उपदेशाचे कागद पाळकांच्या हातात होते, ते त्यांनी वाचले नाहीत. रैनिवेलुंचं नाव घेऊन म्हणाले, "या माणसाला मी इथे उभं केलं होतं. आज मी उभा आहे. मला माझं मूल घरी न्यावंसं वाटलं. त्यांना बायको घरी आणावीशी वाटली, तेव्हा मी त्यांना शिक्षा केली. आणि मी तर हे लपून करायला निघालो होतो." मग कागदांची घडी करून ते बाजूला झाले. प्रभुभोजन रालांबुने दिलं. रैनिवेलु पुढे गेले आणि त्यांनी घेतलं. पाळकांनी स्वतः घेतलं नाही. तसेच बाजूला उभे राहिले, एखादं मूल वर्गाबाहेर उभं असावं तसे.

गाडी निघाली त्या सकाळी पोरं धावली, बायांनी भाताचे डबे दिले. पाळकांनी सगळ्यांचे हात हातात घेतले, पण नजर कोणाच्या चेहऱ्यापर्यंत गेली नाही.

पुढचं मला लालाऊने सांगितलं, ती बापाच्या आजारपणात घरी आली तेव्हा. विमानाच्या आदल्या दिवशी पाळक राजधानीत तिचं घर शोधत आले होते. दारातच त्यांनी माफी मागितली.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी 'बरं' म्हणाले. आणखी काय म्हणणार? त्यांना वाटलं असावं, मी आत बोलवीन. नाही बोलावलं. पाणी दिलं, ते उभ्यानेच प्यायले."

"आणि बाई?"

"त्या खाली गाडीत बसून होत्या, मांडीवर सिग्रुनची पेटी घेऊन. त्यांच्याकडे मी आपणहून गेले. बराच वेळ बसले त्यांच्याजवळ. त्यांच्याशी माझं कधीच भांडण नव्हतं. पाळक तेवढा वेळ रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभे होते. मी उतरल्यावरच गाडीत बसायला आले."