मधलं माप

टिचबटण सुटल्याचा आवाज तो केवढासा. पण माडीवर सगळे श्वास रोखून उभे होते, त्यामुळे तो कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या सासूबाईंनाही ऐकू गेला. नव्या झग्याचं कमरेवरचं बटण माझ्या अंगावर टिकलं नव्हतं. सासरे माझ्याकडे न बघता बटणाकडे बघत म्हणाले, बाळंतपणाचं अंग आहे, चालायचंच. आणि त्यांनी धाकटीला हाक मारली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, तेव्हा घरात नवीन आलेली.

आमचा धंदा तयार कपड्यांचा. खाली कारखाना, वर घर. सासऱ्यांचा पुतळ्यावर विश्वास नाही. पुतळा वाकत नाही, जेवत नाही, मग कपडा कुठे काचतो ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नवा नमुना घरच्या सुनेच्या अंगावर बसवायचा आणि त्यावरून मधल्या मापाचा कागद कापायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून ते मधलं माप मी होते. दुकानांच्या काचेआड आमचे झगे दिसले की नवरा म्हणायचा, "गावभर तूच टांगलेली आहेस." मी रागावल्यासारखं करायचे आणि घर येईपर्यंत ताठ चालायचे.

त्या बटणानंतर माझ्या हातात टाचण्यांची डबी आली. धाकटी मधोमध उभी राहायची आणि मी तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरायचे. सासूबाई म्हणायच्या, हिला गोणपाट गुंडाळलं तरी शोभेल. मला गोणपाट गुंडाळून बघावं असंही कुणाच्या मनात आलं नाही.

मुंगी, माझी लेक, तिच्या काकूच्या अंगाखांद्यावरच वाढली. शाळेत जायला लागली तरी जेवायला बसली की सरळ काकूच्या मांडीवर. धाकटी आपल्या ताटातला घास तिला भरवायची, प्रत्येक घासाला नवी गोष्ट. मी केलेलं, मी वाढलेलं, आणि माझी पोर खायची मात्र तिच्या हातून. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, स्वतःच्या पोरीलाही कुणी इतकं भरवत नाही. बोलायच्या धाकटीला, बघायच्या माझ्याकडे.

गेलं वर्षभर टाचण्या आत आत सरकत होत्या. नमुना तिच्या अंगावर घातला की मला पाठीकडून कापड चिमटीत धरावं लागायचं, दर वेळी आधीपेक्षा जास्त. मला वाटायचं, मुद्दाम करतेय. मला दाखवायला. मग मीही सकाळचं जेवण सोडलं. दिवसभर मान ताठ, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, पातेल्यातूनच, मुंगीचं उरलेलंसुद्धा. तोंड पुसून बाहेर आले की धाकटी समोर, हातात फक्त पाण्याचा पेला. त्या पेल्याचासुद्धा मी हेवा करायचे.

मग माल परत आला. एका दुकानाचा नाही, सगळ्यांचा. तक्रार एकच: मधल्या मापाचा झगा ते माप घालणाऱ्या एकाही बाईला होत नाही. सासऱ्यांनी कापणाऱ्या मास्तरांना वर बोलावून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. कात्री घसरते तुमची, नाहीतर डोळे तरी, असं काय काय बोलले. मास्तर या घरात माझ्याही आधीपासूनचे. ते शांतपणे म्हणाले, "कागद माझा आहे, मालक. अंग तुमच्या घरातलं."

सासऱ्यांना तो उद्धटपणा वाटला. मला मात्र लख्ख कळलं, कारण टाचण्या माझ्याच हातातल्या होत्या. ही मधलं माप राहिलेलीच नाही. एवढं एक वाक्य बोलायचा अवकाश, धाकटी त्या जागेवरून उतरली असती. वाक्य ओठांवर आलं होतं. मी गिळलं, पण दया आली म्हणून नाही. मला ते आधी एकटीनं तिला ऐकवायचं होतं.

तिच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि गळ्यातली टेप काढली. तिनं काही न विचारता सवयीनं हात वर केले. मी तिला वरचा जाड अंगरखा काढायला लावला. इतकी वर्षं मी टाचण्या लावल्या होत्या त्या कापडाला. अंगाला बोट लागलं ते आज. फासळ्या हाताला मोजता येत होत्या. दंडावर तान्ह्या बाळाच्या पाठीवर असते तशी बारीक लव, आणि उन्हाळा असून हात गार. हे सगळं बघूनही पहिल्यांदा माझ्या मनात काय यावं? कमर काय सुरेख आहे हिची. मग माझीच मला शिसारी आली.

"कधीपासून जेवली नाहीस?"

"जेवते की, ताई."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. तुझं माप माझ्या हातात आहे."

ती पलंगाच्या कडेला बसली. टेपचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "तुमचं बटण सुटलं ना, त्या दिवसापासून तुम्हाला कुणी समोर उभं केलं नाही. मी तेव्हाच ठरवलं, माझं सुटू द्यायचं नाही."

मला वाटत होतं, ती माझ्याकडे बघतच नाही. ती फक्त माझ्याकडेच बघत होती.

"आणि ताटातलं?"

"मुंगी मांडीवर असली की माझ्या ताटाकडे कुणी बघत नाही," ती म्हणाली, आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

मला तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. आणि तिला घट्ट धरून ठेवावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच न करता मी अंगरखा तिच्या खांद्यावर टाकला आणि माडीवर गेले.

मास्तर अजून मान खाली घालून उभेच होते. मी सासऱ्यांना सांगितलं, मास्तरांची चूक नाही. धाकटी आजारी आहे, उद्या मी तिला डॉक्टरकडे नेणार आहे, तिच्या नवऱ्याला दौऱ्यावरून बोलावून घ्या. सासूबाई म्हणाल्या, आजारी कसली, बारीक आहे. मी म्हटलं, टाचण्या मी लावते, तुम्ही नाही. पुढं म्हटलं, "नमुना पुन्हा माझ्या अंगावर बसवा. बसला नाही तर कागद बदला. मी बदलणार नाही."

धाकटी दारात येऊन उभी होती. मी कितीतरी दिवस तिच्याकडे जशी बघत होते, तशी ती आता माझ्याकडे बघत होती. ती नजर मला आवडली, हे लपवून काय करू?

संध्याकाळी जेवायला मी तिच्या शेजारी बसले. दोघींची ताटं सारखी वाढली. मुंगी नेहमीसारखी काकूकडे निघाली, तिला मी उचलून माझ्या मांडीवर घेतलं. रडेल असं वाटलं होतं, पण ती मला टेकून बसली. धाकटीनं एक घास उचलला, खूप वेळ चावला, गिळला. दुसरा उचलला. तिचे डोळे भरले होते. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

मुंगीनं आधी काकूच्या ताटाकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे.

"आई, काकू मला मांडीवर घ्यायची ते मी आवडते म्हणूनच ना?"

धाकटीचा घास हातातच राहिला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.