पेरप्पनच्या जीपचं इंजिन

"पेरप्पन, इंजिन नवं बांधलंय म्हणता, पण उघडलं कुणी? नाव सांगा, मी विचारून येते."

हे मी विचारलं! मी, जी परवापरवापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची! माझी मैत्रीण लिजी, तिनं पैजच लावली होती, की पेरप्पनसमोर माझं तोंड उघडणार नाही. पण पैजेत गंमत थोडी आणि भीतीच जास्त होती. माझे वडील, म्हणजे आमचे चाचन, पेरप्पनची ही जुनी जीप विकत घेऊन सोमवारपासून तिच्यातून वरच्या वेलदोड्याच्या मळ्यातल्या तेरा मुलींना आणि मला शाळेत नेणार होते. भरल्या जीपचं इंजिन चढावर बंद पडलं की ती मागं घरंगळते. लिजीची आत्या तशाच एका जीपमध्ये होती. अजून काठी घेऊन चालते.

पेरप्पन चाचनचे थोरले चुलतभाऊ. माझ्या बाप्तिस्म्याला मला हातांवर धरलं ते त्यांनीच. ते खो खो हसले.

"ऐकलंस का रे मत्तायी? तुझी टिंटू इंजिनाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागतेय!"

"टिंटू, गप," चाचन जमिनीकडे बघत म्हणाले.

"पौलोस मेस्त्रीनं बांधलं गं. देवाघरी गेला बिचारा."

"पण सिलिंडर आतून घासून बोर मारायला लेथवर नेलं असेल ना? तो लेथवाला तर जिवंत असेल?"

उकडलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि मासे घेऊन आलेल्या पेरम्मा, पेरप्पनच्या बायको, ताटासकट थबकल्या.

मी बॉनेट उघडून हात लावला. गरम! पटकन सुरू व्हावं म्हणून आम्ही यायच्या आधीच तापवून ठेवलेलं. वर चकचकीत चंदेरी रंग होता. नखानं खरवडला, तर खाली वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस. लिजीचे वडील गॅरेजवाले. ते म्हणतात, उघडणारा माणूस इंजिन आधी धुतो.

पेरप्पननी किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात सुरू! चाचन लहान मुलासारखे हसले. तेवढ्यात मी तेल भरायचं झाकण काढलं. भक् भक् भक् धूर बाहेर आला. चाचननी तो पाहिला. नक्की पाहिला.

"थंडी आहे, वाफ ती," पेरप्पन म्हणाले.

"हो, वाफच," चाचन म्हणाले, आणि त्यांनी हात पुढं केला. सौदा झाला.

वाटेत मी म्हणाले, "चाचन, तो धूर होता. इंजिन आतून झिजलंय."

"माहीत आहे."

"मग लिजीच्या वडिलांना दाखवा ना!"

"थोरल्या भावाच्या अंगणात मेकॅनिक घेऊन जाऊ? त्यापेक्षा तोंडावरच खोटारडा म्हटलेलं बरं. मी हळू चालवीन."

घरी अम्मा मिरी निवडत होती. सगळं ऐकून तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुझा हात मोडला तेव्हा तुझ्या या थोरल्या भावानंच सांभाळलं आपल्याला, मत्तायी."

"तेच तर," चाचन म्हणाले.

दोघंही माझ्याकडे बघेनात. चाचनवर माझं किती प्रेम आहे, हे तेव्हाच सांगावंसं वाटलं, पण बाहेर आलं ते वेगळंच.

"मी सोमवारी पायी जाणार." आवाज थरथरत होता, थरथरू दे! "आणि उद्या चर्च सुटल्यावर तेराही जणींच्या आयांना सांगणार, झाकण काढल्यावर काय दिसलं ते. पेरप्पन तिथं उभे असले तरी."