हातावरचे नाव

माघातली शुभ्र-शीतल, निर्मम सकाळ. सह्याद्रीच्या नीलधूसर कड्यांवरून ऊन उतरले, शाळवाच्या कणसांवर क्षणभर थबकले आणि पुण्याहून आलेल्या पुष्करच्या गाडीवर जाऊन आपटले.

पुष्कर छायाचित्रकार. कीर्तिलोलुप, काळ्या चष्म्याआड सुरक्षित. निवृत्त जवानांच्या गोंदणांचे प्रदर्शन भरवायचे होते त्याला. वाघ हवे होते, तलवारी हव्या होत्या, जमल्यास डोळ्यांत पाणीही हवे होते.

हवालदार रंगराव महाडिकांनी बाही वर केली. रापलेल्या, सुरकुतलेल्या हातावर एकच हिरवे नाव होते: बाळकू.

“एवढंच?” पुष्करने विचारले.

एवढंच! गावातले दोन मित्र, एकाच दिवशी भरती झालेले. जत्रेत गोंदणारणीपुढे बसले आणि एकमेकांचे नाव हातावर कोरून आले. केवढा हसरा, अजाण वेडेपणा! पुढे सीमेवरच्या हिमवर्षावात बाळकू गेला. ओळखीचा बिल्ला सापडला नाही. हातावर ‘रंगराव’ वाचले आणि तार महाडिकांच्या घरी धाडली. रंगराव तेव्हा इस्पितळात बेशुद्ध. शुद्धीवर आले तोवर बाळकूला रंगराव म्हणून अग्नी दिला होता.

“त्येचा फोटू न्हाई कुटं. त्येची आई वाट बघत गेली. ह्यो हात बी आता किती दिस? तेवढं नाव नीट येऊ द्या, सायेब.”

“वा, जबरदस्त!” पुष्कर म्हणाला. “काका, आता मूठ आवळा. जरा रागीट बघा.”

आणि बाजारात न्यायच्या बैलासारखे त्याने त्या हाताला तेल चोपडले. तिटकारा यावा असली ही रसिकता.

चैत्रातल्या पलाशरक्त दुपारी, इस्त्रीचा कोट घालून, रंगराव पुण्याला गेले. थंडगार दालन, मंद संगीत, त्याहून मंद माणसे. भिंतभर त्यांचीच मूठ टांगलेली. नखे स्पष्ट, शिरा स्पष्ट, तेलाची चकाकी स्पष्ट. नाव तेवढे धूसर, हिरवट, मुक्या माराच्या वळासारखे. खाली सुबक अक्षरे: ‘अनाम वीर’.

लोक वाखाणत होते. पुष्कर वाकून वाकून ते वाखाणणे झेलत होता. कणा नसला की वाकणे सोपे जाते.

रंगराव भिंतीपाशी गेले. कोट काढला. बाही दुमडली. चौकटीशेजारी ताठ उभे राहिले, हात पुढे धरून.

काठी टेकत एक वृद्धा आली. चित्राकडे तिने पाहिलेही नाही. त्या हातावर वाकली, चष्मा सारखा केला, आणि सबंध दालनाला ऐकू जाईल असे मोठ्याने वाचले, “बाळकू.”