मांडव नसताना धवला

जासईच्या त्या गल्लीत लग्नसराई नसताना विमलबाईचा आवाज लागला, की लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. विमलबाई नावाजलेली धवलारीण होती, हळदीपासून वरातीपर्यंत धवले गाऊन लग्न लावणारी. तिने गाण्यातून नाव घेऊन आवतण दिलं, की माणूस भरलं ताट सारून उठायचा, कारण धवलारणीचं आवतण परतवणं अशुभ. पण मांडव नसताना ती गायला लागली, की समजायचं, आत तिचा मुलगा हरेश बायकोला मारतोय आणि म्हातारी किंकाळ्यांवर पांघरूण घालतेय. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घराण्याची अब्रू म्हणे त्यातून झाकली जायची. सुनेचं फुटलेलं तोंड मात्र दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांना दिसायचं.

त्या सुनेला, निशिगंधाला, माराइतकाच संताप एका गोष्टीचा यायचा. हा माणूस न मारता राहू शकतो, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

कंपनीने हरेशला काही वर्षं रॉटरडॅमच्या बंदरावर पाठवलं होतं. तिथे गेल्या गेल्या, आमटी खारट झाली म्हणून त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं, आणि तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरची म्हातारी दारात उभी होती. पोलिसांना फोन करूनच ती जिना चढली होती. पोलिसांच्या हुकमाने हरेशला काही दिवस घराबाहेर राहावं लागलं, आणि पुन्हा त्या देशात त्याचा हात उठला नाही. भांडी घासायचा, वाढदिवसाला केक आणायचा मेला. निशिगंधाला वाटलं, सुधारला.

"तुमच्याकडचे पुरुष बरे असतात," असं ती एकदा त्या म्हातारीला म्हणाली. म्हातारी हसली आणि तिने बोटाने स्वतःचे पुढचे दात दाखवले. ते खोटे होते. खरे दात याच इमारतीत तिच्या नवऱ्याने पाडले होते आणि तेव्हा कोणी बेल वाजवली नव्हती. "पुरुष तेच आहेत," ती म्हणाली, "आता शेजारी गप्प बसत नाहीत, आणि पोलीस हसत नाहीत, एवढंच."

जासईला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात हरेशने पट्टा काढला. त्याआधी त्याने खिडकी लावली. रागाने आंधळा झालेला माणूस खिडकी लावत नाही, हे निशिगंधाला पाठीवर वळ उठत असताना कळलं.

त्या रात्री विमलबाईने तिच्या पाठीला हळद लावली. "तुजा सासरा मना मारायचा ना, तवा माझी सासू रिकामा उखल कांडायची," ती म्हणाली. "आवाज बाहेर जाव नये म्हनून. मना उखल नाय, गला हाय." यात काही वावगं आहे, असं तिच्या बोलण्यात कुठेच नव्हतं. निशिगंधाला तिचा गळा आवळावासा वाटला.

मग तो रविवार आला. गावाबाहेरच्या कंटेनर यार्डच्या ऑफिसात निशिगंधाला नोकरी लागली होती आणि जेवता जेवता तिने ते सांगून टाकलं.

"कुनाला विचारलंस?" हरेशने विचारलं.

"विचारायचं काय त्यात? सोमवारपासून जाणार मी."

त्याने ताट भिरकावलं. काठ तिच्या भुवईवर बसला आणि रक्त डोळ्यात ओघळलं. ती उठेपर्यंत त्याने खिडकी लावली होती. केसांना धरून त्याने तिला स्वयंपाकघरात फरफटत नेलं आणि तोंड ओट्याच्या कडप्प्यावर आपटलं. काहीतरी कडकन मोडलं, नाक असावं. ती किंचाळली आणि बाहेर पडवीत धवला सुरू झाला. गल्लीत टीव्हीचे आवाज चढले. हरेशने लाथा घातल्या, पोटात, बरगड्यांत, आणि ती पुन्हा ओरडली तेव्हा तिच्या छातीवर बसून त्याने दोन्ही हातांनी गळा धरला.

आता ओरडता येत नव्हतं. तिने त्याचे हात ओरबाडले, टाचा फरशीवर घासल्या. बाहेर म्हातारी गातच होती. मला ओरडता न येण्याचा आवाजही हिच्या गाण्याखाली बुडणार आणि मी मरणार, हे निशिगंधाला लख्ख समजलं. तिला भीतीपेक्षा चीड आली. डोळ्यांपुढे काळोख दाटायला लागला.

विमलबाई दम घ्यायला थांबली. वय झालं होतं, मधे दम लागायचा. आतून काहीच ऐकू आलं नाही. रडणंसुद्धा नाही. ती दारात आली आणि तिने पोराचे हात पाहिले.

"सोड, हरेश," ती म्हणाली. त्याने वळूनही पाहिलं नाही.

मग निशिगंधाला लांबून पुन्हा गाणं ऐकू आलं, पण ते घराकडे पाठ करून, गल्लीकडे तोंड करून म्हटलेलं होतं. आवतणाचा धवला होता. "कमलाकर दादा, येवाचं गो, आमचे घरान येवाचं गो. सिताराम दादा, येवाचं गो, माझे लेकान सून मारली, बगाला येवाचं गो." एकेका घराचं नाव घेऊन, मांडवात देतात तसं आवतण म्हातारी देत होती.

टीव्ही बंद झाले. आधी कमलाकर आला, हाताला भात लागलेला. मागून सगळी गल्ली आली, कारण त्या सुरातलं बोलावणं कोणी कधी परतवलं नव्हतं. दार भरलं आणि हरेशचे हात सुटले. निशिगंधाच्या काळ्यानिळ्या चेहऱ्याकडे तो इतका वेळ बघतच होता, तेव्हा सुटले नव्हते. रॉटरडॅमला बेल वाजली तेव्हाही त्याचा चेहरा असाच झाला होता.

"काय नाय, घरातला मॅटर हाय," तो शर्ट सारखा करत म्हणाला. कमलाकरने उष्ट्या हातानेच त्याची मान धरली.

पोलीस चौकीत निशिगंधाला बोलता येईना. गळ्यावर बोटांचे ठसे उमटले होते आणि आवाज पार गेला होता. हवालदाराने लिहायला घेण्याआधी नेहमीचं बोलून घेतलं.

"घरगुती भांडण दिसतंय, आजी. पोराचं करिअर जाईल. घरी बसून मिटवा ना."

विमलबाई उभीच होती. गाऊन गाऊन तिचाही घसा बसला होता. लग्नाचं आवतण मरणाला वापरल्यावर आता कोणी तिला मांडवात बोलावणार नाही, हे तिला माहीत असणारच.

"लिवा," ती म्हणाली. "माझे लेकान सुनंचा गला दाबला."

हवालदाराने सुस्कारा टाकून लिहिलं. "आणि तुम्ही तेव्हा कुठे होता?"

विमलबाईने निशिगंधाकडे पाहिलं. निशिगंधाने नजर वळवली नाही.

"पडवीत," म्हातारी म्हणाली. "मी गात होतू. ते पन लिवा."